पंधरा टक्क्यांच्या अलीकडे

आईच्या नावावर आयुष्यात एकच कागद होता. घर वडिलांच्या नावावर, रेशनकार्ड वडिलांच्या नावावर, आणि वडील गेल्यावर दोन्ही माझ्या भावाच्या नावावर झाली. आईचा कागद म्हणजे ती ज्या फौंड्रीत कामाला होती, त्या कंपनीच्या शंभर शेअर्सचं सर्टिफिकेट. कडेला नक्षी, खाली डायरेक्टरांच्या सह्या आणि मधोमध इंग्रजीत टाइप केलेलं तिचं पूर्ण नाव. हा कागद दुसऱ्याच्या नावावर जाता जाता राहिला. तो घालवायला गाव निघालं होतं आणि गावाच्या पुढे हातात पेन घेऊन मी होते. त्याची लाज मला आजही वाटते, म्हणून काही न लपवता सांगते.

फौंड्री शिरूरच्या अलीकडे, पुणे-नगर रस्त्यापासून थोडी आत; मालक पुण्याचे, सगळ्यांत मोठा हिस्सा त्यांचाच. पाण्याच्या पंपाचे बिडाचे भाग तिथं ओतत. आई कोअर शॉपमध्ये होती. पंपाच्या आत जी पोकळी असते तिच्या आकाराचा वाळूचा गाभा आधी करून घ्यावा लागतो. तो साच्यात ठेवायचा आणि भोवती तापलेला रस ओतायचा. त्या गाभ्याला कोअर म्हणतात. काम नाजूक, जरा धक्का लागला की तुकडा पडतो, म्हणून त्या खात्यात सगळ्या बायकाच. नव्वदीच्या सुरुवातीला ज्याला त्याला शेअरचं वेड लागलं होतं, तेव्हा आमच्या कंपनीनंही आपले शेअर बाजारात आणले. त्यातले काही कामगारांसाठी आणि कारखान्याला जमीन दिलेल्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवले होते. आईनं शंभर घ्यायचं ठरवलं.

अर्जावर अंगठा चालत होता, पण मग तो साहेबाकडून साक्षांकित करून आणावा लागे. आई म्हणाली, "चार दिस थांबा, मी सहीच शिकते." मी तेव्हा बारावीत होते. मी तिला तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ती ते कामावर घेऊन गेली आणि जेवणाच्या सुट्टीत कोअरच्या वाळूत बोटानं गिरवत बसली. सुपरवायझर ओरडला, वाळू खराब होईल म्हणून. ही म्हणाली, "चाळून देते की. वाळूच हाय ती." पाचव्या दिवशी तिनं अर्जावर सही केली. पहिलं अक्षर टपोरं, पुढची उतरत गेलेली, शेवटचं चौकटीबाहेर. कंपनीच्या दप्तरात तीच सही नमुना म्हणून लागली. पुढे ती लिहा-वाचायला शिकली, अक्षरही पुष्कळ सुधारलं, पण सही मात्र कायम तशीच वाकडी करावी लागली, नाहीतर जुळली नसती.

नंतर मी शिरूरच्या कॉलेजात बी.कॉम. केलं आणि त्याच कंपनीच्या शेअर विभागात कारकून म्हणून लागले. विभाग म्हणजे मी, एक लोखंडी कपाट आणि भागधारकांचं जाडजूड रजिस्टर. माझे साहेब कंपनी सेक्रेटरी होते, ते पुण्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. उरलेले दिवस विभागाची मालकीण मीच. कोअर शॉपमधल्या बायका मला शेअरबाई म्हणत, आणि मला ते आवडायचं.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एक दिवस टपालात मुंबईच्या कुण्या उद्योगपतीचं पत्र आलं. त्यानं आमच्या कंपनीचे पाच टक्क्यांहून जास्त शेअर बाजारातून घेतले होते, ते कळवलं होतं. मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे, घेतले ते घेतले, वर पत्र लिहून सांगतो. साहेब हसले. म्हणाले, "सभ्यपणा नाही, नियम आहे. पाचच्या वर गेलं की सांगायचं, दहाच्या वर गेलं की सांगायचं, चौदाच्या वर गेलं की सांगायचं." काही महिन्यांनी दहाचं पत्र आलं. दिवाळीच्या आधी चौदाचं आलं. मग पत्रं थांबली.

"चौदावरच का थांबला?" मी विचारलं.

साहेबांनी टेबलावरची फूटपट्टी उचलून माझ्यापुढे आडवी ठेवली. "ही पंधराची रेघ. हिच्या अलीकडे तो गुपचूप घेऊ शकतो. पंधराला पाय लागायचा असेल तर आधी पेपरात जाहीर करावं लागतं आणि बाकीच्या सगळ्या भागधारकांना विचारावं लागतं, की तुमचे शेअर मी या भावानं घ्यायला तयार आहे, द्यायचे का? याला ओपन ऑफर म्हणतात. निदान वीस टक्के घ्यायची तयारी लागते आणि तेवढी ऐपत आहे हे आधी दाखवावं लागतं. कंपनीचा धनी बदलायचा असेल तर लहान माणसाला विचारल्याशिवाय बदलू नये, एवढाच त्यातला अर्थ."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर निम्मंच कळलं होतं, पण शेअरबाईनं तसं म्हणायचं कसं?

गावात मात्र बातमी वेगळीच पोचली. मुंबईवाला कारखाना घेणार, भट्टी बंद करणार आणि रस्त्याकडेची जमीन विकून मोकळा होणार. कुणी काही पाहिलं नव्हतं. पण कोरेगाव भीमाच्या बाजूला नवे कारखाने येत होते आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठं गेले होते, त्यामुळे विश्वास बसायला वेळ लागला नाही. आमच्या गावातले बरेच लोक फौंड्रीत कामाला, शिवाय केडगाव-दौंडकडचेही होते. सगळेजण घरखर्चाचा हिशोब मांडू लागले. मीही. आईची निवृत्ती अजून लांब होती आणि घरात दोघींचा पगार त्याच एका गेटमधून यायचा.

तेव्हा आप्पा पुढे झाले. आप्पा म्हणजे जमीन दिलेल्या शेतकऱ्यांतले मोठे बागाईतदार आणि गावच्या सोसायटीचे बरीच वर्षं चेअरमन. माणूस वाईट नव्हता. तालुक्याच्या कचेरीत कुणाचं काम अडलं तर स्वतः शिरूरला जाऊन बसत, साहेबाला उठू देत नसत. पण सगळं आयुष्य सहकारात गेलेलं. सोसायटीच्या निवडणुकीत गाव फुटू नये म्हणून त्यांची एक ठरलेली रीत होती. सगळ्या सभासदांच्या शेअरच्या पावत्या आधीच गोळा करून स्वतःच्या रेक्झिनच्या पिशवीत ठेवायच्या. पावती पिशवीत म्हणजे माणूस पिशवीत. निवडणूक बिनविरोध व्हायची आणि गावाला त्याचा अभिमान होता. कंपनी म्हणजे मोठी सोसायटीच, असं आप्पांनी धरलं आणि तीच रीत इथं लावली. सगळ्यांनी आपापले शेअर आप्पांच्या नावावर करून द्यायचे. मुंबईवाल्याकडे चौदा असतील तर आप्पांकडे त्याहून मोठा गठ्ठा, मग बघू कोण कारखाना विकतो.

"पोरी, तू त्या खात्यात हायस. फारम तूच भर. तुझं अक्षर बी चांगलं हाय," आप्पा मला सोसायटीच्या कचेरीत बोलावून म्हणाले आणि समोरची खुर्ची पुढे सरकवली. आमच्या बौद्धवस्तीतल्या कुणाला त्या कचेरीत पूर्वी खुर्ची मिळाल्याचं मला आठवत नाही. मी फुगले. तीन रविवार त्या खुर्चीत बसून शेअर हस्तांतराचे फॉर्म भरले. देणाऱ्याचं नाव, शेअर्सचे नंबर, घेणाऱ्याच्या जागी आप्पांचं नाव. लोक रांगेनं येत, सही करत, सर्टिफिकेट टाचणीनं लावून देत, आणि आप्पा एकेक फॉर्म पिशवीत घालत. केडगाव-दौंडकडच्या कामगारांचे फॉर्म शिफ्टच्या माणसांबरोबर यायचे. तिसऱ्या रविवारी आप्पांनी पिशवीची चेन ओढली आणि म्हणाले, "एकच ऱ्हायला. तुझ्या आईचा."

घरी येऊन मी फॉर्म आईपुढे ठेवला. तिनं तो वाचला. वेळ लागला, पण सगळा वाचला.

"हे वर माझं नाव. आन् खाली कुणाचं?"

"आप्पांचं. त्यांच्या नावावर करायचेत."

"मग माझं कुठं ऱ्हायलं?"

"अगं, गावासाठी करायचंय. कारखाना बंद पडला तर तुझं काम जाईल, माझंही जाईल."

"शेअर नको वाटले तर मी इकीन. हवे वाटले तर ठिवीन. पर दुसऱ्याच्या नावावर कशापायी करू? आन् मला इचारलं कवा कुणी? समदं ठरवून झाल्यावर नुसती सही मागाय आलीस."

मी तिला समजावलं, मग चिडले, आणि मग जे बोलू नये ते बोलले. तिला अडाणी म्हणाले. जिनं मला शिकवायला वाळूचे गाभे करून बोटं सोलून घेतली, तिला मी तीन रविवारच्या खुर्चीच्या जोरावर अडाणी म्हणाले. तिनं फॉर्मची घडी घातली, माझ्या पर्समध्ये ठेवली आणि पीठ मळायला बसली. सही काही केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या कपाटातलं नियमांचं पुस्तक काढलं ते केवळ आईला गप्प करायला. एकत्र येऊन शेअर धरले तर लहान माणसाचं कसं भलं होतं, असं काहीतरी त्यात सापडेल आणि ते मी तिच्या तोंडावर वाचून दाखवीन, असा बेत होता. पुस्तक इंग्रजीत. शेजारी डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावत गेले. दुपारच्या चहापर्यंत माझा बेत कुठल्या कुठं गेला होता.

पुस्तकात लिहिलं होतं, की एकाच हेतूनं, आपसांत ठरवून शेअर घेणारी माणसं कितीही असली तरी कायदा त्यांना एकच धरतो. ठरवणं कागदावर असो की तोंडी असो. आणि पंधराची रेघ कुणाला तुम्ही कोण, कुठले, चांगल्यासाठी घेताय की वाईटासाठी, असं विचारत नाही. मुंबईवाल्याला जी रेघ तीच आप्पांना. मी रजिस्टर उघडलं आणि मीच भरलेल्या फॉर्मांवरच्या शेअर्सची बेरीज केली. ती पंधराच्या वर गेली. पुन्हा केली. पुन्हा तेच.

मंगळवारी साहेब आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे हे फॉर्म दाखल झाले की तुमचे आप्पा कंपनी ताब्यात घ्यायला निघालेले गृहस्थ. मग पेपरात जाहिरात त्यांनी द्यायची, ओपन ऑफर त्यांनी आणायची. नाही आणली तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणारं नियामक मंडळ दंड करेल, वर या शेअर्सवर मत द्यायलाही बंदी घालू शकेल. आणि पहिली तक्रार कोण करेल सांगा?"

"मुंबईवाला."

"कधी दाखल करणारेत?"

"शुक्रवारी. तुम्ही असाल तेव्हा."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवून पुस्तकातलं ते पान उघडलं. मग म्हणाले, "कंपनीनं कुणाची बाजू घ्यायची नसते. पण नियम काय आहे हे भागधारकाला सांगणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. सांगून बघा. ऐकतील का?" आणि त्या पानाची झेरॉक्स मला दिली.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी सोसायटीच्या कचेरीत गेले. आप्पांभोवती पाच-सहाजण बसले होते. खुर्ची रिकामी नव्हती आणि कुणी उठलंही नाही. मी उभ्यानंच सांगितलं, की फॉर्म दाखल करू नका, आपण सगळे अडचणीत येऊ. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हसले.

"आईनं सही दिली न्हाई, म्हणून कायदा हुडकून आणलास व्हय?"

बाकीचेही हसले. मला रडू यायच्या बेतात होतं, पण त्याआधी राग आला आणि तो कामाला आला.

"व्हय आप्पा, तिच्यामुळंच हुडकला. तिला गप्प करायला हुडकला, आणि निघाली तीच खरी. तीन रविवार मी फॉर्म भरत होते तेव्हा माझं अक्षर तुम्हाला चांगलं वाटलं. आज त्याच अक्षरात याचं मराठी करून आणलंय. तेवढं वाचा, मग मला हाकलून द्या."

आप्पांनी कागद घेतला. माणूस हुशार होता, पण आपली रीत चुकली हे पटायला कुणालाही वेळ लागतो. त्यांनी दोनदा वाचलं. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "म्हंजी, त्यानं कंपनी घिऊ नये म्हणून आपुन निघालो, आन् घेनारा मीच ठरतो?"

"हो."

"आन् बाहेरच्या लोकांचे शेअर बी मलाच घ्यावं लागतील?"

"घ्यायची तयारी दाखवावी लागेल. नाहीतर दंड, आणि आपली मतंही जाण्याची भीती."

"मग गावानं एक व्हायचंच न्हाई का?"

"व्हायचं. पण ज्याचा कागद त्याच्याच नावावर, त्याच्याच घरात ठेवून. कंपनीच्या वार्षिक सभेच्या दिवशी ज्यानं त्यानं स्वतः गेटवर यायचं, आणि स्वतः मत द्यायचं."

"आन् एखादा फुटला तर?"

"तर फुटला, आप्पा. त्याचा शेअर आहे."

मला वाटतं, कायद्यापेक्षा हेच त्यांना जास्त जड गेलं. आयुष्यभर माणसं पिशवीत ठेवून त्यांनी गाव सांभाळलं होतं, आणि ते प्रेमानंच केलं होतं, हेही खरं. शेवटी त्यांनी पिशवीची चेन उघडली आणि सगळे फॉर्म टेबलावर ओतले.

"तूच भरलेस, आता तूच वाट," ते म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

वाटले. प्रत्येक फॉर्मवर आडवी रेघ मारली, सर्टिफिकेट सोडवलं आणि ज्याचं त्याला नेऊन दिलं. गावातले दोन दिवसांत झाले. बाहेरगावच्यांचे शिफ्टच्या माणसांबरोबर परत पाठवता आले असते, पण मला आता कुणाचा कागद कुणाच्या हाती द्यायचा नव्हता. दोन रविवार शिरूर डेपोवरून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारी एसटी धरली, तिथून केडगाव, आणि पुढे पॅसेंजरनं दौंड. बहुतेकांनी काही न विचारता घेतलं. काहींनी मला शिव्या घातल्या, आधी द्या म्हणता, मग घ्या म्हणता. त्यांचं काही चुकलं नव्हतं. केडगावला स्टेशनामागे साचे करणारे एक म्हातारे मोल्डर राहायचे, त्यांनी तर सर्टिफिकेटला हातच लावला नाही. "आप्पाला शबूद दिलाय, तो माघारी घ्यायचा न्हाई," एवढंच. मी सांगितलं, की आप्पांनीच पाठवलंय. पटेना. मग मी त्यांच्या ओट्यावर बसले. माझी गाडी गेली तरी बसून राहिले. त्यांच्या सुनेनं मला चहा दिला, तासाभरानं दुसरा चहा दिला, आणि तिसऱ्या वेळी बाहेर येऊन माझ्या हातातलं सर्टिफिकेट घेतलं. "मामा, ही बाई जायाची न्हाई," ती सासऱ्यांना म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा मला हसू आलं.

आईला मी सगळं सांगितलं. पुस्तक, रेघ, आप्पा, ओटा, सगळं. आणि अडाणी म्हटल्याबद्दल माफी मागितली. मला वाटलं, ती आता 'बघ, मी म्हणत नव्हते का?' असं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "तुझा कायदा मला कुठं म्हाईत व्हता? मला माझं म्हाईत व्हतं. जेव आता."

त्या वर्षीच्या सभेला गाव स्वतः आलं, ज्याचा त्याचा कागद घेऊन. आप्पा गेटवर उभे राहून प्रत्येकाला 'कागद आणला का' विचारत होते, पण कुणाचा हातात घेत नव्हते. मुंबईवाल्यानं त्या सभेत काहीच केलं नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पुढच्या पावसाळ्याआधी पेपरात अर्धं पान भरून घोषणा आली. आमच्या पुण्याच्या मालकांनी, ज्यांचा कारखाना वाचवायला गाव उठलं होतं, त्यांनीच आपला सगळा हिस्सा मुंबईवाल्याला विकायचा करार केला होता. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. माझं डोकं इतकं फिरलं, की तो पेपर मी चुरगाळून टाकला आणि मग फाइलला लावायचा म्हणून पुन्हा सरळ केला. मुंबईवाला आता पंधराची रेघ ओलांडणार होता आणि त्याला थांबवणारं आमच्या हातात काही नव्हतं.

पण रेघ ओलांडायची म्हणजे विचारणं आलं. उरलेल्या सगळ्या भागधारकांना ओपन ऑफरचं पत्र गेलं, आणि भाव मालकांना मिळाला त्याहून कमी देता येत नव्हता. आमच्या वस्तीत पोस्टमन जाड लिफाफा घेऊन आला आणि त्यानं मोठ्यांदा आईचं पूर्ण नाव वाचलं. कामगारांच्या नोटिसा आणि डिव्हिडंड एरवी गेटवरच हाती मिळत; तिच्या नावानं घरी आलेलं ते पहिलं टपाल. शेअर आप्पांच्या पिशवीत गेले असते, तर त्या नावानं कुणी काही पाठवलं नसतं.

मी तिला पत्र समजावून सांगितलं. तिनं मधे मधे थांबवून विचारलं.

"मला इचारलंय?"

"हो."

"मालकाला दिला तोच भाव?"

"तोच."

"आन् माझं काम ऱ्हाईल का?"

"ते यात लिहिलेलं नाही, आई. ते कुणीच सांगू शकत नाही."

तिनं दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत आप्पांनी आपले निम्मे शेअर विकायचं ठरवलं आणि मला येऊन तसं सांगितलं. "भाव चांगला हाय, पोरी," ते जरा ओशाळून म्हणाले. मी म्हटलं, तुमचे शेअर आहेत, आप्पा. मग दोघंही हसलो. त्यांचा फॉर्म मी भरला, खुर्चीत बसून.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "न्हाई द्यायचे."

"बरं. मग काही करायचं नाही. द्यायचे असतील त्यांनीच फॉर्म पाठवायचा. हे पाकीट ठेवून दे."

"आसं कसं? मानसानं पत्र घालून इचारलंय, त्याला उत्तर नको? गप बसले तर त्याला वाटंल, म्हातारी मेली जनू."

मी तिला नियम सांगितला, की गप्प बसणं हेच उत्तर. तिला तो नियम अजिबात पसंत पडला नाही. या वेळी मी वाद घातला नाही. तिनं माझ्याकडून वहीचं पान मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. मला दाखवलं नाही. वर तिच्या फोलिओचा, म्हणजे रजिस्टरमधल्या खात्याचा, नंबर तेवढा बरोबर आहे का ते बघायला सांगितलं. शिरूरच्या पोस्टातून रजिस्टरनं पाठवलं आणि पावती जपून ठेवली.

ऑफरची मुदत संपत आली, तेव्हा शेअर विभागात मुंबईहून फोन आला. अर्ज गोळा करणाऱ्या कचेरीतली मुलगी होती, मराठीच.

"मॅडम, तुमच्या भागातलं एक रजिस्टर पत्र आलंय. फोलिओ नंबर जुळतोय, सही जुळतेय. पण फॉर्म नाही, सर्टिफिकेट नाही. हे ऑफर स्वीकारणाऱ्यांत टाकू की दिलेला फॉर्म माघारी घेणाऱ्यांत?"

"काय लिहिलंय?"

ती वाचू लागली. "साहेब, तुमचं पत्र पोचलं. भाव चांगला दिलात. पण मला शेअर द्यायचे नाहीत. मी तुमच्या कारखान्यात कोअर करते. आता तुम्ही धनी झालात तर एकदा कोअर शॉपला येऊन जावा. कळावे." वाचून झाल्यावर तिनं पुन्हा विचारलं. "मॅडम, कशात टाकू?"

"दोन्हीत नको," मी म्हणाले. "तुम्ही तिला विचारलं होतं ना? ते तिचं उत्तर आहे."

"पण आमच्याकडे उत्तराचा रकानाच नाही."

"मग पाडा एक," मी म्हणाले, आणि तिनं तो पाडेपर्यंत फोन ठेवला नाही.